मर्लिन बघायला घेतली आणि झोपेचं खोबरं झालं (सीझन ३ चालू आहे, स्पॉयलर नको!!)

रातकिडा

मंडळी, आधीच सांगतो, मी तिसऱ्या सीझनच्या ८ व्या एपिसोडवर आहे, त्याच्या पुढचं कोणी एक अक्षर बोलायचं नाही, हात जोडतो.

झालं असं की धाकटी बहीण कधीपासून मागे लागली होती, दादा मर्लिन बघ, मर्लिन बघ (राजा आर्थर आणि जादूगार मर्लिनच्या दंतकथेवरची बीबीसीची मालिका). मला हे तलवारी, ड्रॅगन, झगे घातलेले म्हातारे वगैरे प्रकरण कधीच झेपलं नाही. लहान मुलांचं काहीतरी असतं असंच वाटायचं. पण एका रविवारी पाय मुरगळून घरात पडून होतो, ती म्हणाली एकच बघ, नाही आवडली तर सोड. बघितला. तो ड्रॅगन बघून तर हसलोच, २००८ सालचे ग्राफिक्स, त्यात टीव्हीचं बजेट. पण शेवटी एक चेटकीण युवराज आर्थरवर खंजीर फेकते, मर्लिन वेळच मंद करतो आणि त्याला बाजूला ओढतो, आणि बक्षीस काय तर ज्याचा जीव वाचवला त्याचीच नोकरगिरी. ते तोंड बघून मी जे हसलो ते हसतच दुसरा लावला. मग तिसरा. त्या रविवारी पाच झाले.

आता आठवडा झालाय. रोज रात्री अकराला "एकच" म्हणून बसतो आणि अडीच वाजतात. डोळे सुजलेले, सकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. फोनच्या कीबोर्डला एवढी सवय झालीये की मी उद्या लिहायला गेलो की तो आधी ऊथर (मालिकेतला राजा, आर्थरचा बाप) सुचवतो, परवा बॉसला "रिपोर्ट ऊथर पाठवतो" असा मेसेज गेला. त्यांनी प्रश्नचिन्ह पाठवलं. मी काय सांगणार.

आणि खरा प्रश्न असा आहे की मला कळतच नाहीये मी एवढा का अडकलोय. कारण मालिका अजिबात अनपेक्षित वगैरे नाहीये. कॅमलॉटमध्ये, म्हणजे ऊथरच्या राज्यात, कोणीतरी नवीन माणूस येतो, तो गडबड आहे हे फक्त मर्लिनला कळतं, मर्लिन सांगायला जातो, आर्थर म्हणतो गप रे, राजवैद्य गायस एक भुवई वर करून जाडजूड पुस्तक उघडतो, मग जंगल, मग आर्थरच्या डोक्यात काहीतरी बसून तो बेशुद्ध, मर्लिनचे डोळे सोनेरी, संकट खलास, आणि शेवटी आर्थर म्हणतो तू काहीच कामाचा नाहीस. दर वेळी हेच!! पाचव्या मिनिटाला कळतं की काय होणार आहे. तरी मी पुढचा लावतोच. असं का होतं? आणि थांबायचं कसं? बंद करायची नाहीये, फक्त झोपायचंय.

बहिणीला विचारलं तर ती नुसती माझ्याकडे बघून हसते. तिची पूर्ण बघून झालीये. ते हसणं मला अजिबात आवडत नाही.

---

सतराशेसाठ

सोप्पं आहे. दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा एपिसोड आपोआप सुरू होणं बंद करा. आणि एपिसोड संपल्यावर थांबायच्या ऐवजी मध्येच थांबा. म्हणजे शेवटच्या मिनिटाला जी गाठ मारलेली असते ती पुढच्या एपिसोडच्या पहिल्या दहा मिनिटांत सुटते, ती सुटली की लगेच बंद, पुढची गाठ बसायच्या आत. मी याच पद्धतीने गेम ऑफ थ्रोन्सचे ७३ एपिसोड बघितले, एकही जागरण नाही.

(एक झालं होतं. पहिल्या सीझनचा ९ वा. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये.)

---

अजून_एक_पानटपरीवाला

मर्लिन? ती पोरांची मालिका? थ्रोन्स बघा राव, ही बघून झोप उडते म्हणजे कमाल आहे.

---

मनीमाऊ

@पानटपरीवाला पोरांची आहे म्हणून लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या सीझनमधलं विषाचं प्रकरण बघितलेलं नसतं, एवढंच बोलते.

@सतराशेसाठ तुमचा उपाय थ्रोन्सला लागू पडतो पण इथे नाही पडणार आणि का नाही पडणार त्यातच रातकिडांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. थ्रोन्समध्ये एपिसोडच्या शेवटी कोणाच्या तरी मानेवर सुरी असते आणि पडदा काळा होतो. तिथे गाठ शेवटी असते. मर्लिनमध्ये बहुतेक एपिसोड शेवटी मिटतात, संकट गेलेलं असतं, दोघं एकमेकांना टोमणे मारत असतात, सगळं छान. मग माणूस पुढचा लावतो कशाला? संपलं की सगळं.

कारण जे संपलेलं नसतं ते एपिसोडमध्ये नसतंच, ते पूर्ण मालिकेच्या खाली पसरलेलं असतं. आर्थरला माहीत नाही. एवढंच. ज्या राज्यात जादू केली तर मुंडकं उडतं त्या राज्याच्या युवराजाचा जीव रोज जादूने वाचतोय आणि ते त्याला माहीत नाही, आणि ज्याने वाचवला तोच त्याचे बूट पुसतोय. पहिल्या एपिसोडपासून आपण ते गुपित मर्लिनबरोबर सांभाळतोय. गायसला माहीत, आपल्याला माहीत, त्या तळघरातल्या ड्रॅगनला माहीत. दर एपिसोडला दोन तरी क्षण असे येतात की आता सांगेल, आता कळेल, आणि मग कोणीतरी दार उघडून आत येतं. तुम्ही राक्षसासाठी पुढचा एपिसोड लावत नाही हो, राक्षस मरणार हे तुम्हाला माहितीये, तुम्ही त्या "आता कळेल" साठी लावताय. म्हणूनच कथानक आधी कळलं तरी फरक पडत नाही.

आणि ऊथरच्या घरात वाढलेल्या मॉर्गानाचं बघा. तिच्याकडेही जादू, तिलाही भीती, आणि ज्या एकट्या माणसाने तिला "मी पण तुझ्यासारखाच आहे" म्हणायला हवं होतं तो गप्प बसतो. गुपित पाळलं म्हणून आर्थर वाचतो आणि गुपित पाळलं म्हणूनच मॉर्गाना हातची जाते. हे लेखकांनी फार सरळपणे केलंय, कुठे भाषण नाही, पण दुसरा सीझन संपताना मला मर्लिनचा रागच आला होता. हिरोचा राग येतोय आणि तरी बघतोय म्हणजे मालिकेने पकडलंय आपल्याला.

आता झोपेचं. तुम्ही एकदा नीट आठवून बघा, तुम्ही "पुढचा लावतो" असं म्हणता, पण खरंच तुम्ही लावता का? की तो लागतो? यांचा प्रत्येक एपिसोड टायटलच्या आधी एका छोट्या सीनने सुरू होतो. रात्र, जंगल, टोपडं घातलेलं कोणीतरी, हातात काहीतरी चमकणारं, आणि मग ड्रॅगनच्या आवाजातली ती सुरुवातीची घोषणा. ते दोन-तीन मिनिटं बघितलं की माणूस गेला. गाठ शेवटी नाही, सुरुवातीला आहे. म्हणून मध्येच थांबायचा उपाय इथे उलटा बसतो, इथे एपिसोड पूर्ण संपवायचा, टोमणे मारून झाले की स्क्रीन बंद, आणि ऑटोप्ले मात्र नक्की बंद करायचं, तेवढं सतराशेसाठ यांचं बरोबर आहे. ते टोपडंवालं डोळ्यासमोर येताच कामा नये.

---

सतराशेसाठ

हे पटलं. मी कधी असा विचारच केला नव्हता. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग केले होते की अर्धवट सोडलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, मी त्या हिशोबाने सगळं एपिसोडच्या शेवटावर लावत होतो. नंतर काही लोकांनी तेच प्रयोग करून बघितले तेव्हा सगळ्यांना तसा निकाल मिळाला नाही हेही खरं. पण अर्धवट राहिलेली गोष्ट ५ सीझन लांब असू शकते हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे ६५ एपिसोड, साधारण पाऊण तासाचा एक धरला तर ४८-४९ तास एकच गोष्ट टोचत ठेवायची. बेरकी आहेत लेखक.

---

कोपऱ्यातला वाचक

मनीमाऊ यांचा प्रतिसाद आवडला. त्यात थोडी भर.

ही युक्ती काही टीव्हीवाल्यांची नाही. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील, कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे मराठीत तो शब्दप्रयोगच होऊन बसला. तिथे शहाजादी रोज पहाट झाली की गोष्ट अर्धी ठेवते, आणि राजाला पुढचं ऐकायचं असतं म्हणून तिचं डोकं धडावर राहतं. हजार रात्री हे चालतं. फरक इतकाच की तिथे गोष्ट सांगणारीचा जीव वाचायचा, इथे ऐकणाऱ्याची झोप जाते. आणि गंमत म्हणजे तिथे सुद्धा खरी ओढ त्या त्या रात्रीच्या जिन्न-परीची नसतेच, राजा तिला मारणार की नाही ही असते. मनीमाऊ म्हणतात ते "खाली पसरलेलं" हेच.

दुसरं असं की रातकिडांनी स्पॉयलरचं एवढं मनावर घेऊ नये. आर्थरच्या दंतकथा आठ-नऊशे वर्षं लिहिल्या जात आहेत. मनमथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलं, त्यातही मर्लिन आहे. नंतर टॉमस मॅलरीने सगळ्या कथा एकत्र केल्या आणि कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने ते पुस्तक १४८५ मध्ये छापलं. त्या पुस्तकाचं नाव 'ल मॉर्त दार्तूर'. म्हणजे फ्रेंचमध्ये "आर्थरचा मृत्यू". मुखपृष्ठावरच.

---

रातकिडा

अहो काका!!!!!

---

कोपऱ्यातला वाचक

अहो १४८५ चं आहे ते.

---

मनीमाऊ

😂😂😂 पाचशे चाळीस वर्षांचा स्पॉयलर. याला मुदत संपलेली म्हणता येईल.

पण रातकिडा घाबरू नका, ही मालिका दंतकथेची पार उलथापालथ करते. दंतकथेत मर्लिन दाढीवाला म्हातारा, आर्थर जन्मायच्या आधीपासूनचा. इथे दोघं साधारण एका वयाचे. तिथे आर्थर राजा व्हायच्या कितीतरी आधी ऊथर मेलेला असतो, इथे तो तुमच्या डोळ्यासमोर सिंहासनावर बसून लोकांना जाळतोय. तिथे ग्वेनेव्हिअर राजकन्या, इथे ग्वेन मॉर्गानाची दासी. त्यामुळे पुस्तकाच्या नावावरून काहीही ठरवू नका. काहीही म्हणजे काहीही. मी हो पण म्हणत नाहीये आणि नाही पण म्हणत नाहीये.

---

रातकिडा

तुम्ही पण माझ्या बहिणीसारखंच हसताय हे मला इथून दिसतंय.

असो. मनीमाऊ, तुमचं वाचून मी काल रात्री मुद्दाम लक्ष ठेवलं आणि खरंच, मी बटण दाबतच नाही. आठ सेकंदांचं ते गोल फिरत असतं, मी रिमोट शोधेपर्यंत जंगल सुरू. आणि एकदा जंगल सुरू झालं की मी म्हणतो निदान टायटलपर्यंत तरी बघू. आज ऑटोप्ले बंद केलंय, सेटिंग प्रोफाइलच्या आत कुठेतरी पुरून ठेवलं होतं, सापडायला दहा मिनिटं लागली. मुद्दामच तसं ठेवत असणार.

आणि ते "आता कळेल" वालं तर इतकं खरं आहे की लाज वाटली. मी परवा सर्चमध्ये "आर्थरला मर्लिनची जादू" एवढंच टाईप केलं, मला खरं तर त्या मंत्रांची भाषा कुठली ते शोधायचं होतं पण हात तिकडे गेला, आणि खाली लगेच "कुठल्या एपिसोडमध्ये कळते" असं आलं. मी घाबरून फोन उलटा ठेवला. म्हणजे कळतं. एवढं तर कळलं. आता मंत्रांचं तुम्हीच कोणीतरी सांगा, मी सर्च उघडणार नाही.

---

कोपऱ्यातला वाचक

मंत्र जुन्या इंग्रजीत आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी, आजच्या इंग्रजांना ऐकून एक शब्द कळणार नाही अशी. त्यामुळे कानाला मंत्रासारखीही वाटते आणि अगदीच बनवलेली बडबडही वाटत नाही.

अजून एक, किल्ला. कॅमलॉट म्हणून जो पांढरा किल्ला दाखवतात तो फ्रान्समधला पिएरफोंचा. मूळ किल्ला मध्ययुगाच्या शेवटचा, पण सतराव्या शतकात तो पाडून टाकला होता, नुसते अवशेष राहिलेले. मग तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून १८५७ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने तो परत उभा केला, आणि जसा होता तसा नव्हे तर मध्ययुगातला किल्ला कसा "असायला हवा" हे स्वतः कल्पून. म्हणजे तुम्ही जे बघून हरखता तो किल्ला सुद्धा एकोणिसाव्या शतकातली फॅन्टसीच आहे. या मालिकेला याहून योग्य जागा मिळाली नसती.

---

शनिवारची_संध्याकाळ

हा धागा आज दिसला. मी ही मालिका येत होती तेव्हा बघितली आहे, म्हणजे २००८ ते २०१२, बीबीसी वनवर शनिवारी संध्याकाळी एक भाग लागायचा, तसा आठवड्याला एक. वर्षाला तेरा आणि मग थांबा.

रातकिडा तुमची जी तक्रार आहे ना की दर वेळी तेच, आर्थरच्या डोक्यात दर वेळी काहीतरी बसतं, ती आम्हाला तेव्हा एवढी जाणवायचीच नाही. कारण आठवडा जायचा मध्ये. त्याच्या टेंगळाला बरं व्हायला वेळ मिळायचा. ही मालिका बनलीच आठवड्याच्या हिशोबाने आहे, माणूस शनिवारी दमून बसलाय, मागचं अर्धं विसरलाय, त्याला पुन्हा आठवण करून द्यायची की जादूला बंदी आहे, ऊथर कडक आहे, मर्लिनचं गुपित आहे. म्हणून ते परत परत येतं. तुम्ही एका रात्रीत चार बघता तेव्हा तेच चार वेळा ऐकू येतं. शेवटचा भाग २४ डिसेंबर २०१२ ला लागला, आणि १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सने हाऊस ऑफ कार्ड्सचा पहिला सीझन, ते पण तेराच एपिसोड, एका दिवसात सगळेच्या सगळे टाकले. सव्वा महिन्याचं अंतर आहे फक्त. मर्लिन म्हणजे जुन्या पद्धतीची जवळजवळ शेवटची पंगत आहे आणि तुम्ही ती नव्या पद्धतीने ओरपताय, मग पोट दुखणारच.

आणि एक सांगू का, दुसऱ्या सीझनच्या शेवटी मॉर्गाना जाते आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला परत येते, गोष्टीत मध्ये एक वर्ष गेलेलं असतं. तुम्ही ते वर्ष किती वेळात ओलांडलं? त्या आठ सेकंदांत. आमचे डिसेंबर २००९ ते सप्टेंबर २०१० असे जवळजवळ नऊ महिने गेले. नऊ महिने आम्ही वाद घातले की ती कुणीकडची, चांगली की वाईट, मर्लिनने केलं ते बरोबर की चूक. त्यामुळे ती परत आल्यावर सगळ्यांना मिठ्या मारते आणि मग कॅमेऱ्याकडे वळून ते हलकंसं हसते ना, ते हसू आमच्या अंगावर आलं. तुम्हाला ते तसं आलं का? मला खरंच विचारायचंय, टोमणा नाही.

---

रातकिडा

नाही आलं.

म्हणजे मी "अच्छा, ही आता व्हिलन" एवढंच म्हणालो आणि पुढे. तुमचं वाचून वाईट वाटलं थोडं. खरंच काहीतरी हुकलं माझं.

---

मनीमाऊ

म्हणूनच म्हणते, सीझनच्या मध्ये तरी चार दिवस जाऊ द्या. एपिसोडला नाही जमलं तर सीझनला.

---

अजून_एक_पानटपरीवाला

बरं मी काल पहिला बघितला. बरा आहे. तो ड्रॅगनचा आवाज कोणाचा आहे? ओळखीचा वाटला.

---

सतराशेसाठ

जॉन हर्ट. आला का जाळ्यात? 😄

---

अजून_एक_पानटपरीवाला

एकच बघितलाय फक्त.

(चार बघितलेत.)

---

सतराशेसाठ

रातकिडा, ही संपल्यावर काय बघू असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीयेत पण विचारणार आहात, सगळेच विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पूर्ण झालेलीच मालिका घ्या. फॅन्टसीचा खर्च फार असतो, किल्ले, कपडे, ग्राफिक्स, प्रेक्षक जरा कमी झाले की पहिली कुऱ्हाड यांच्यावरच. लेजंड ऑफ द सीकर मला प्रचंड आवडली होती, न्यूझीलंडमधलं शूटिंग, डोळ्यांचं पारणं फिटतं, दोन सीझनमध्ये बंद. व्हील ऑफ टाइमची १४ पुस्तकं, मालिकेचे तीन सीझन झाले आणि २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे गोष्ट धड रस्त्यालाही लागली नव्हती. माझ्यासारख्या माणसाला हे सहन होत नाही, अर्धवट जेवणावरून उठवल्यासारखं होतं.

त्यापेक्षा अवतार द लास्ट एअरबेंडर घ्या. जुनं ॲनिमेशनवालं, २००५ ते २००८. ६१ एपिसोड, एकेक विसेक मिनिटांचा, सुरुवात आहे, मध्य आहे, व्यवस्थित शेवट आहे. ॲनिमेशन म्हणून नाक मुरडू नका, तुम्ही आधी ड्रॅगनला पण हसला होतात. फक्त एक धोका, वीस मिनिटांचा असल्यामुळे "एकच" चे सहा कधी होतात कळत नाही.

---

मनीमाऊ

हे असलं सुचवून तुम्ही त्यांना झोपवताय की जागवताय?

---

रातकिडा

अपडेट देतो, बारा दिवस झाले. (यात सीझन ३ चा शेवट आणि ४ बद्दल आहे, पानटपरीवाले तुम्ही हे वाचू नका, सरळ शेवटच्या पॅराला जा.)

ऑटोप्ले बंद केल्याचा खरंच फरक पडला. पहिले दोन दिवस रोज दोन, साडेबाराला झोप. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या सीझनचे शेवटचे दोन आले आणि ते जोडभाग निघाले, तिथे मोडलं सगळं, पण त्याला काही इलाज नव्हता. मग मनीमाऊ म्हणाल्या तसं मुद्दाम चार दिवस काहीच लावलं नाही. आणि कमाल म्हणजे त्या चार दिवसांत मी मालिकेचा जेवढा विचार केला तेवढा बघताना केला नव्हता. आंघोळ करताना डोक्यात यायचं की मर्लिनने ती तलवार दगडात घालून ठेवलीये, ती आता कधी बाहेर येणार, कोणासाठी येणार. बहिणीशी पहिल्यांदा भांडलो, मॉर्गानाच्या बाबतीत चूक कोणाची यावरून, ती म्हणते ऊथरची, मी म्हणतो गायसची, सगळं माहीत असून पोराला गप्प राहायला तोच शिकवतो. तिला हे पटलं नाही पण ती थांबून विचार करत होती हे मी पाहिलं.

मग चौथा. आणि तिसऱ्याच एपिसोडला ऊथर गेला. नुसता गेला असता तर ठीक होतं. मर्लिन म्हाताऱ्याच्या वेशात त्याला जादूने बरं करायला जातो, आर्थर पहिल्यांदाच जादूवर विश्वास टाकायला तयार होतो, म्हणजे आता कळेल, आता खरंच कळेल, मी उठून उभा राहिलो होतो, आणि मॉर्गानाच्या मंतरलेल्या लॉकेटमुळे सगळं उलटं होतं आणि आर्थर म्हणतो की जादू म्हणजे दुष्टपणाच. मर्लिन तिथे उभा आणि त्याला काहीही बोलता येत नाही. चार सीझन जमवलेलं एका मिनिटात परत शून्यावर, शून्याच्या पण खाली. मी तो एपिसोड संपल्यावर स्क्रीन बंद केली, पुढचा लावायची इच्छाच झाली नाही. मनीमाऊ, तुमचा "गुपिताचा" मुद्दा मला त्या रात्री खरा समजला. आणि गंमत म्हणजे त्या रात्री मी साडेअकराला झोपलो. म्हणजे पडलो, झोप नाही आली, पण ते वेगळं.

आता पाचवा चालू करणार आहे. तेराच राहिलेत आणि आता उलटंच झालंय, संपू नये असं वाटतंय, म्हणून रोज एकच आणि तो पण बहिणीबरोबर. ती दुसऱ्यांदा बघायला तयार झाली. मी तिला सहज विचारलं की शेवट कसा आहे, चांगला की वाईट एवढंच सांग. ती हसली नाही या वेळी. म्हणाली शेवटचे दोन एकाच दिवशी बघ, आणि शुक्रवारी बघ, दुसऱ्या दिवशी काही काम ठेवू नकोस.